जांभळ्या टोपणाचा बल्ब

सावंतवाडी-दोडामार्गापासून काणकोणापर्यंत ‘बांबोळीक व्हेलो’ (बांबोळीला नेलं) एवढे दोन शब्द पुरतात. काय झालंय ते मागाहून विचारतात; आधी पिशवीत चादर, थर्मास आणि आधारकार्ड जातं. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आता बांबोळीच्या पठारावर आहे, आणि सिंधुदुर्गालाही ते घरचंच वाटतं. असं शिकवणारं मोठं इस्पितळ म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर दिसतं. तिथं नव्यानं इंटर्न झालेल्याला मात्र बल्ब दिसतात. बल्ब म्हणजे रक्ताची नळी, रंगीत टोपणाची. पुढचं वर्षभर तिच्याशीच संसार.

सकाळचं गणित उलटं मांडावं लागतं. राउंड नऊला असेल तर पोटॅशियमचा आकडा त्याआधी केसपेपरवर हवा. साध्या बल्बातलं रक्त गोठायला अर्धा तास, मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज (बल्ब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र), मग मशीनवरची रांग. म्हणजे रक्त सातच्या आत निघायला हवं. त्या वेळी वॉर्डात फरशी पुसणं चालू असतं आणि रुग्णांना नुकती कुठे झोप लागलेली असते.

रंगांना क्रम आहे, आणि तो पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेला बरा. कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या) बाटल्या सगळ्यात आधी, कारण त्यांना निर्जंतुक सुई हवी. मग निळं टोपण, मग लाल किंवा पिवळं, मग जांभळं, शेवटी करडं. जांभळ्यात ईडीटीए असतं, म्हणजे कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारं रसायन, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. घाईत कुणी जांभळा आधी भरला आणि त्यातलंच थोडं लाल बल्बात ओतलं, की रिपोर्ट येतो: पोटॅशियम आठ, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. आकड्यांवर विश्वास ठेवला तर रुग्णाचं हृदय थांबायला हवं. रुग्ण चहात पाव बुडवून खात असतो. ईसीजी साधा. पोटॅशियम वर आणि कॅल्शियम तळाला अशी जोडी दिसली, की मुरलेला रेसिडेंट औषध लिहीत नाही, इंटर्नकडे बघतो.

पोटॅशियम बिघडवायच्या वाटा आणखीही आहेत. टॉर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, मिनिटाहून जास्त बांधून ठेवणं (पुष्कळदा ते टॉर्निकेट म्हणजे रबरी हातमोजाच असतो), बारीक सुईतून जोरानं ओढणं, बल्ब कॉकटेलसारखा हलवणं. यांत तांबड्या पेशी फुटतात नाहीतर अडकलेल्या रक्ताचं मोजमाप चुकतं. आणि ज्यावर कुणाला संशयच येत नाही ते म्हणजे, ‘मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा.’ शीर फुगते हे खरं, पण राबणारा स्नायूही पोटॅशियम बाहेर टाकतो. मूठ एकदा धरायला सांगावी, बस्स.

निळ्या टोपणाचा बल्ब सगळ्यात मानी. आत ०.३ मिलिलिटर सायट्रेट (हेही रक्त गोठू देत नाही), त्यावर बरोबर २.७ मिलिलिटर रक्त, खुणेपर्यंत. शीर रुसली म्हणून दोनच मिलिलिटर भरलं, तर सायट्रेट जास्त पडतं आणि रक्त गोठायला उशीर होतोय असा खोटा निकाल येतो. मग उद्याचं ऑपरेशन पुढे ढकलण्याची चर्चा. करड्या टोपणातलं फ्लोराइड साखर राखतं. ते नसेल तर पेशी बल्बात बसल्या-बसल्या तासाला पाच-सात टक्के साखर खातात.

पावसाळ्यात राज्य जांभळ्याचं. डेंग्यू-लेप्टोच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा घरोघरी क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो. अशात एखाद्याचा आकडा येतो वीस हजार, म्हणजे धोक्याइतका कमी. अंगावर पुरळ नाही, हिरड्यांतून रक्त नाही. आधी बल्ब तिरका करून काडीनं बघावं, तळाशी गुठळी आहे का. रक्त घेतल्यावर बल्ब आठ-दहा वेळा हलके उलटा-सुलटा केला नसेल तर ती असणारच, आणि प्लेटलेट तिच्यात अडकलेले. गुठळी नसेल तर सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड बघायला सांगावं. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएतच एकमेकींना चिकटून घोळके करतात, आणि मशीनला घोळका मोजता येत नाही. तेच रक्त सायट्रेटमध्ये घेतलं, आकड्याला १.१ नं गुणलं (सायट्रेटनं झालेली पातळाई भरून काढायला), की बहुधा खरी संख्या हाती लागते. हे न करता प्लेटलेटच्या पिशव्या मागवणं हा माझ्या मते आळस आहे, सावधगिरी नव्हे.

क्रॉसमॅचच्या (द्यायचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते बघायच्या) बल्बाला मात्र चेष्टा चालत नाही. लेबल खाटेपाशीच, रक्त घेतल्यावर, हातानं लिहायचं. आधी लिहून ठेवलेले रिकामे बल्ब ट्रेमध्ये रांगेनं मांडणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. ‘तुम्हीच नाईक ना?’ असंही विचारू नये. अर्ध्या झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्याकडूनच वदवून घ्यावं आणि नोंदणी क्रमांक ताडून पाहावा. गोव्यात तर एका वॉर्डात तीन नाईक, दोन फर्नांडिस सहज निघतात. त्यातही एक नाईक रोमी लिपीत ‘के’वर संपतो, दुसरा जुन्या पोर्तुगीज वळणानं ‘क्यू-यू-ई’वर. अर्जावर एक स्पेलिंग आणि बल्बावर दुसरं असेल तर रक्तपेढी बल्ब परत पाठवते. इंटर्न चरफडतो. रक्तपेढीचंच बरोबर असतं.

अशा वेळी परत त्याच खाटेशी जाणं, हे खरं अवघड काम. ‘सकाळीं रगत काडलें न्हय?’ असं फोंड्याची आजी विचारते. शेजारच्या खाटेवरचे कुडाळचे आजोबा तिची बाजू घेतात, ‘बाटलीभर काढल्यानी!’ प्रत्यक्षात चार बल्ब मिळून बारा-तेरा मिलिलिटर, चहाचे अडीच चमचे. हे सांगून कुणाचं समाधान झाल्याचं पाहण्यात नाही. त्यापेक्षा दुसऱ्या हाताची शीर शोधावी, सलाइन चालू असलेल्या हाताला शिवू नये, आणि सुई काढल्यावर कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरायला सांगावं, कोपर सरळ ठेवून. कोपर दुमडलं की कापूस सरकतो आणि संध्याकाळपर्यंत तिथं काळंनिळं होतं.

आजी मान डोलावते, आणि कोपर दुमडून घेते.