गुरुजींची पत्रिका आणि विंडोज अकरा

सकाळी साडेनऊपर्यंत चार फोन येऊन गेले होते आणि चौघांचा प्रश्न एकच, ‘उद्यापासून कॉम्प्युटर चालू होणार नाही म्हणतात, खरं का?’ तारीख १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. मायक्रोसॉफ्ट त्या दिवसापासून विंडोज दहाचे मोफत अपडेट थांबवणार होतं. व्हॉट्सॲपवर फिरता फिरता त्या बातमीचं ‘कॉम्प्युटर बंद पडणार’ असं झालं होतं. मी सगळ्यांना तेच सांगत होतो की बंद काही पडत नाही, फक्त सुरक्षेचे पॅच, म्हणजे नव्या धोक्यांवरच्या दुरुस्त्या, यायचे थांबतील. दिवाळी आठवड्यावर आलेली, नाशिकच्या एमजी रोडवर पाय ठेवायला जागा नाही, आणि लोकांना आजच्या आज विंडोज अकरा टाकून हवं होतं.

पाचवा फोन पुण्याहून. ‘बाबा पंचवटीत असतात. पत्रिका बघतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर आज अकरा टाकून द्या. मशीन जुनं आहे, पण बायपास करता येतं, मी व्हिडिओ बघितलाय.’

बायपास करता येतं हे खरं. अकराला रीतसर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. पण ही तपासणी चुकवणारा पेनड्राईव्ह तयार करायला मला वीस मिनिटं पुरतात, आणि माझ्या बॅगेत तो तयारच असतो. फॉरमॅट मारायचा, अकरा टाकायचं, प्रिंटर जोडून द्यायचा, पैसे घ्यायचे. दीड तासाचं काम. होळकर पुलावरून पंचवटीकडे जाताना डोक्यात एवढंच होतं.

घर जुन्या वाड्यात, मालेगाव स्टँडच्या अलीकडे एका बोळात. काकूंनी दार उघडलं, हात पिठाचे. अनारशाचं पीठ मळून ठेवत होत्या. गुरुजी पंचाहत्तरीच्या आसपासचे, सोवळं नुकतंच सोडून बंडी घातलेले. कॉम्प्युटर देवघराच्या खोलीतच, आणि सीपीयू थेट देव्हाऱ्याच्या बाजूला जमिनीवर.

मी कव्हर काढलं. अशी धूळ मी आजवर बघितली नव्हती. आमच्याकडची नेहमीची धूळ भुरकट असते आणि ब्रशने उडते. ही काळपट, तेलकट आणि वासाची. उदबत्ती, धूप, निरांजन आणि कापूर यांचा कित्येक वर्षांचा थर पंख्याच्या पात्यांवर बसून काजळीसारखा घट्ट झाला होता. हीटसिंकच्या फटी दिसत नव्हत्या. काकू दारातून म्हणाल्या, ‘रोज पुसते हो मी वरून.’ प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय-३, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. एवढा धूर खाऊनही मशीन चालू होत होतं. जुन्या मदरबोर्डांबद्दल माझ्या मनात आदर आहे तो उगीच नाही.

पेनड्राईव्ह लावायच्या आधी सहज विचारलं, ‘गुरुजी, यात काय काय लागतं तुम्हाला?’

‘बँकेचं बघतो, मेल येते मुलाची. आणि हे.’ त्यांनी डेस्कटॉपवरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारली.

खिडकी उघडली ती बघून मी हात मागे घेतला. करडी चौकट, जाड बटणं, विंडोज ३.१ च्या काळातला चेहरा. कुंडलीचा प्रोग्रॅम. गुरुजींनी १९९७ साली पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेला, दोन फ्लॉपींवर. ते गृहस्थ गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. आत अठ्ठावीसशेच्या वर पत्रिका. नाव, जन्मतारीख, वेळ, गाव, आणि खाली गुरुजींनी स्वतः टाइप केलेल्या टिपा. ‘मुलगी चिडकी पण मनाची चांगली’, ‘वेळ नक्की नाही, आईला आठवत नाही’, ‘२०११ ला सांगितलेलं चुकलं.’ ही शेवटची टीप मी दोनदा वाचली.

सेटिंग्ज उघडून बघितलं. विंडोज दहा, ३२-बिट, म्हणजे हल्लीच्या ६४-बिटच्या आधीच्या घडणीचं. मुलाने २०१६ साली विंडोज सातवरून फुकटात वर नेलेलं, म्हणून ३२-बिटच राहिलेलं. तेच गुरुजींचं नशीब. त्यांच्या प्रोग्रॅमसारखा त्याहून जुना, १६-बिटचा प्रोग्रॅम ३२-बिट विंडोजवर चालतो, त्यासाठी लागणारा भाग दहामध्ये मागितला की बसतो. ६४-बिट विंडोजमध्ये तो भागच नाही. आणि अकरा फक्त ६४-बिटमध्येच येतं. बायपास टीपीएमचा होतो, याचा होत नाही. मी आल्या आल्या फॉरमॅट मारला असता तर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं काम डिस्कवरून पुसलं गेलं असतं. बॅकअप घेऊन मारला असता तरी फाइली नुसत्या पडून राहिल्या असत्या, कारण त्या उघडणारा एकमेव प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालू झाला नसता.

इथे माझी एक जुनी चूक सांगायला हवी. जानेवारी २०२० मध्ये विंडोज सात संपलं तेव्हा सिडकोतल्या एका किराणा दुकानदाराला मी मोठ्या उत्साहाने ६४-बिट दहा टाकून दिलं होतं. त्याच्या बिलिंगच्या प्रोग्रॅमचं डोंगल, म्हणजे परवान्याची जोडायची किल्ली, चालवणारा ड्रायव्हर फक्त ३२-बिटचा होता. रात्री अकरापर्यंत दुकानात बसून मी सगळं जसंच्या तसं परत केलं. तो एक शब्द बोलला नाही. फोनही परत कधी केला नाही. तेव्हापासून ‘काय काय लागतं’ हे विचारतो खरं, पण त्या मंगळवारी घाईत तेही जवळजवळ राहूनच गेलं होतं.

मुलाला फोन लावला. ‘मग त्या पत्रिका एक्सेलमध्ये घ्या ना,’ तो म्हणाला. फाइल उघडून बघितली तर आत सगळा गिचमिड. प्रोग्रॅमचा फॉन्ट स्वतःचा, युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणाऱ्या मराठी टायपिंगच्या, आधीचा. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिलं की दुसऱ्या फॉन्टमध्ये जे, के, ई अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, तसलाच प्रकार. कृतीदेवचं रूपांतर करणारी साधनं तरी मिळतात, या फॉन्टची कुठून आणणार?

मग आठवलं की माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, ३२-बिट विंडोज एक्सपी ठेवलेली आहे, अशाच जुन्या डोंगलवाल्यांसाठी. प्रोग्रॅमचं फोल्डर उचलून त्यात टाकलं. चालेना. उघडतो आणि लगेच बंद. गुरुजी शेजारी खुर्ची ओढून बसले होते, ते काही बोलले नाहीत. काकू चहा ठेवून गेल्या. त्या जमान्यातले प्रोग्रॅम आपली एखादी छोटी सेटिंगची फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये न ठेवता विंडोजच्या फोल्डरमध्ये ठेवत, हे डोक्यात यायला चहा निवावा लागला. शोधली, सापडली, तीन-चार ओळींची. ती नेली, फॉन्ट नेला, परत टिचकी मारली.

करडी चौकट उघडली. गुरुजींनी चष्मा वर केला, माझ्या लॅपटॉपच्या पडद्याजवळ आले आणि म्हणाले, ‘सावंतांच्या धाकट्याची काढ बरं.’ काढली. टीप तीच, खाली तीच तारीख. ते मागे टेकून बसले. ‘म्हणजे हा दुसऱ्या यंत्रातही जगतो.’

‘जगतो. पण यंत्राच्या आत दुसरं यंत्र लागतं.’

‘असू दे. आपलंही तसंच आहे.’

पुढचा निर्णय अवघड नव्हता, समजावणं अवघड होतं. मुलाला म्हटलं, दादा, या मशीनवर अकरा नको. टाकलं तर पत्रिका जातील, आणि ४ जीबीवर ते रांगेल ते वेगळंच. शिवाय तपासणी चुकवून बसवलेल्या अकराला पुढचे अपडेट मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही, म्हणजे ज्यासाठी टाकायचं तेच बेभरवशाचं. नवीन लॅपटॉप घ्या, त्यात अकरा येईलच, जुनी विंडोज मी त्याच्या पोटात बसवून देतो. घाई करू नका. तोपर्यंत दहाला आणखी एक वर्ष सुरक्षेचे पॅच मिळवता येतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे पडत नाहीत.

‘आज दुपारपासून पुष्य आहे,’ गुरुजी मध्येच म्हणाले, ‘खरेदीला उत्तम. पण मला खरेदी करायची नाहीये. चालतंय ना हे?’

खातं उघडताना गंमत झाली. मी एकेक रकाना वाचत होतो, ते सांगत होते. नाव, पासवर्ड, मग जन्मतारीख. त्यांनी तारीख सांगितली आणि थांबले.

‘वेळ नाही विचारली?’

‘नाही गुरुजी.’

‘मग काय उपयोग!’

ओटीपी आला, नोंदणी झाली. बँकेचं काम या मशीनवरून बंद करून मोबाईलवर करायचं ठरलं. हे त्यांना पटायला अर्धा तास लागला, कारण मोबाईलची अक्षरं बारीक. अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या ड्राईव्हवर घ्यायला लावली आणि तोवर पंखा खोलून बसलो. काजळी ब्रशने निघेना, शेवटी कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक पातं पुसलं. सात पाती, सात काळे बोळे. सीपीयू देव्हाऱ्यापासून हलवून टेबलावर ठेवायला सांगितला तर काकूंनी लगेच टेबल रिकामं केलं. ‘मी केव्हाची सांगतेय,’ म्हणाल्या, गुरुजींकडे बघत.

दीड तासाच्या कामाला साडेचार तास लागले. पैसे मी दीड तासाचेच सांगितले, गुरुजींनी वर अकरा रुपये ठेवले. काकूंनी डब्यात चिवडा दिला. अनारसे अजून व्हायचे होते.

निघताना म्हटलं, ‘पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबरच्या आत नवीन मशीनचं बघायला लागेल, लिहून ठेवा.’

त्यांनी लिहून ठेवलं नाही. कॉम्प्युटरकडे वळले, प्रोग्रॅममध्ये ती तारीख टाकली, क्षणभर बघितलं. ‘आश्विन शुद्ध तृतीया. घटस्थापना अकराची. म्हणजे नवरात्रात येतंय, तेव्हा मला मान वर करायला फुरसत नसते.’ मग बोटांवर काहीतरी मोजलं. ‘तू पितृपक्षाच्या आधी ये. गणपती झाले की लगेच.’

बोळाबाहेर येऊन मोबाईल बघितला. सात मिस्ड कॉल होते.