जाकीट वर, मी खाली

मालवणजवळच्या देवबागच्या धक्क्यावर सकाळी डॉल्फिन बघायला निघालो होतो. मी लाइफ जॅकेट अंगात अडकवलं, बकल मात्र उघडीच. फोटोत जाडी दिसते ना!

होडीवाल्या काकांनी सरळ जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढले. जॅकेट थेट माझ्या कानांपर्यंत.

"बाय, पाण्यात पडलंस तर ह्या वर रवतला, आणि तू खाली."

सगळे हसले. मीही. पण हसता हसता पट्टे आवळले.

मग होडी कर्ली नदीच्या मुखाशी आली. नदीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा तिथे समोरासमोर भिडतात, होडी चांगलीच डुलते. तेवढ्यात कुणीतरी "तो बघ!" ओरडलं आणि अख्खी होडी मोबाईल घेऊन एका बाजूला. काका ओरडले, "बसा खाली!" डॉल्फिन दिसला की नाही, मला आठवत नाही. एका बाजूला झुकलेली होडी मात्र आठवते.

निघण्याआधी आम्ही सनस्क्रीन, गॉगल, पॉवर बँक सगळं तपासलं होतं, बकल मात्र नाही. दुपारी वारा वाढतो म्हणून सकाळची वेळसुद्धा काकांनीच सांगितलेली.

तुम्ही होडीत बसताना बकल लावता? खरं सांगा.