मामंजींची टेप

परत येऊन महिना झाला तरी गल्लीत रोजचा प्रश्न ठरलेला, "वहिनी, कुठल्या कंपनीबरोबर गेला होतासा?" कंपनी नाही ओ, आमचे आम्हीच गेलो, असं सांगितलं की समोरचा एकदा माझ्या तोंडाकडं बघतो आणि एकदा गुडघ्यांकडं. यांचं वय एकसष्ट, माझं छप्पन्न, दोघांनाही बीपीची गोळी. सत्त्याण्णव दिवस, पाच देश, थायलंड, लाओस, चीन, कझाकस्तान, उझबेकिस्तान. बँकॉकला उतरलो ते ताश्कंदला विमानात बसेपर्यंत मधलं सगळं जमिनीवरून.

हे खूळ खरं म्हणजे मामंजींचं. आमच्या घरात रेल्वे रक्तात आहे. मामंजी लोंढ्याला रेल्वेत होते, त्यांचे वडील कॅसलरॉकला. गोवा पोर्तुगीजांकडं होता तेव्हा कॅसलरॉकला गाडी थांबवून सामान कसं तपासायचे, बायका लुगड्यात काय काय लपवायच्या, हे त्यांनी लहानपणी बघितलेलं. पुढं गाड्याच बंद झाल्या त्या गोवा मोकळा होईपर्यंत. तर आम्ही निघायच्या आदल्या रात्री त्यांनी यांच्या हातात स्वतःची जुनी स्टीलची टेप ठेवली, म्हणाले जिथं जाशील तिथं दोन रुळांमधलं अंतर मोजून लिहून आण. आणि बँकॉकपर्यंत विमान आहे म्हटल्यावर तोंड वाकडं, "विमानातनं काय दिसतंय, ढगच की." आता त्यांना काय सांगायचं, मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमध्ये उतरून पुढं जायचा रस्ता आमच्यासारख्यांना बंदच होता. पश्चिमेकडं तर विचारायलाच नको.

सामानात मी दोन डबे घेतले होते, एकात कडक भाकऱ्या, एकात शेंगाचटणी, शिवाय गोकाकचं करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याच्या वड्या, दोन किलो. हे म्हणाले एवढं ओझं कशाला, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त यांनीच खाल्लं.

बँकॉकबद्दल फार लिहीत नाही, तिथं आपली माणसं इतकी भेटतात की बेळगावच्या मार्केटात फिरल्यासारखं वाटतं. एक गंमत फक्त सांगते. बाजारात शेजारी पुण्याचा मोठा ग्रुप, भाव करताना एकमेकांत काय बोलायचं ते त्यांना कळायला नको, म्हणून मी यांना कन्नडमध्ये म्हटलं, "ब्याड, भाळ आतु," म्हणजे नको, फार झालं. तर मागनं एक बाई वळून म्हणाल्या, "हुब्बळ्ळीच्या काय तुम्ही?" संपलं. जगात कुठं लपायची सोय नाही.

बँकॉकहून रात्रीची गाडी थेट लाओसची राजधानी व्हिएन्टिएनला जाते, २०२४ पासून सुरू झालीय. सकाळी नोंगखाईला सगळ्यांना उतरवतात, थायलंडचा शिक्का मारतात, परत त्याच गाडीत बसवतात. हे शिक्का मारून झाल्याबरोबर गायब. बघते तर प्लॅटफॉर्मच्या टोकाला वाकून टेप लावलेली, बरोबर १००० मिलिमीटर. मीटरगेज. आपली मिरज-लोंढा लाइन नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेजच होती की, मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच गाडीतनं आले, ती कशी हलायची ते अजून कमरेला आठवतंय. ही पण तशीच हलते. मग मेकाँग नदीवरचा पूल, १९९४ चा, आणि त्या पुलावर रूळ रस्त्याच्या अगदी मधोमध आहेत, म्हणजे गाडी जाईपर्यंत मोटारी थांबवतात. पलीकडं गेलं की मोटारी उजव्या बाजूनं चालायला लागतात आणि बोर्डावरची अक्षरं बदलतात, पण बदलतात ती कन्नडची तेलुगू झाल्यासारखी, बघणाऱ्याला वाटावं तेच आहे. आपल्याकडं कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदललं हे निदान लगेच कळतं तरी. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस तिथंच थांबतात, आणि माहेरी कागलला जायला मी कितीदा उतरून सामान घेऊन चालत पलीकडं गेलेय, त्यामुळं सीमा म्हटलं की बॅग उचलायची हे हाताला आपोआप कळतं.

लाओसमध्ये आता चीनने बांधलेली रेल्वे आहे, डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, व्हिएन्टिएन ते कुनमिंग १०३५ किलोमीटर. डोंगरच डोंगर, आणि बोगदेच बोगदे, खिडकीतून काही दिसतंय म्हणेपर्यंत परत अंधार. पूर्वी याच रस्त्यानं बसमध्ये लोकांचे हाल व्हायचे म्हणे, आम्ही लुआंग प्राबांगला दोन तासांत. चढताना स्कॅनरमध्ये माझा काकडी चिरायचा चाकू सापडला आणि गेला. माहेरचा होता. लाओसची शेवटची हद्द बोतेन, चीनची पहिली मोहान, आणि सीमारेषा मधल्या बोगद्यात. म्हणजे एक देश संपून दुसरा लागला तो अंधारात, काही कळलं नाही, नुसते कान गच्च झाले. मोहानला सगळं सामान घेऊन उतरायचं, परत स्कॅनर. तिथल्या पोरीनं करदंटाचा पुडा उघडून वास घेतला, अजून एकदा घेतला, आणि फोनवर भाषांतर करून दाखवलं, "हे औषध आहे का?" मी म्हटलं, हो, बाळंतिणीला देतात. खोटं थोडंच आहे.

इथं यांची पंचाईत झाली. चीनमध्ये प्लॅटफॉर्मवर आधी सोडतच नाहीत, गाडी यायच्या थोडं आधी गेट उघडतं आणि सगळे पळतात, वाकून टेप लावणार कुठं? पण कुनमिंगला जुन्या उत्तर स्टेशनात रेल्वेचं म्युझियम आहे. फ्रेंचांनी व्हिएतनामपासून कुनमिंगपर्यंत मीटरगेज आणलेली, १९१० साली पुरी झाली, तिची इंजिनं तिथं ठेवलीयत. आणि ६०० मिलिमीटरचे रूळसुद्धा, इतके अरुंद की बघून मला आमच्या वाड्याचा बोळ आठवला. ६००, १००० आणि आताचा १४३५, तिन्ही एका छपराखाली. माझा अर्धा दिवस बाकावर बसून गेला पण यांचा चेहरा बघायला पाहिजे होता, पोरगं जत्रेत सोडल्यासारखा.

चीनबद्दल वेगळं लिहीन, अठ्ठावीस दिवसांचं इथं मावायचं नाही. एवढंच की व्हिसाला मुंबईच्या खेपा झाल्या, गुगल चालत नाही, पैसे सगळे फोनवर, आणि एका गावात रात्री अकराला बुक केलेल्या लॉजनं परदेशी माणसं घेत नाही म्हणून दारातनं परत पाठवलं. मी पायरीवर बसून रडले थोडी. मग शेजारच्या नूडल्सवाल्या बाईनं कुठंतरी फोन लावला आणि स्वतःच्या स्कूटरवर आमच्या बॅगा टाकून दुसऱ्या लॉजपर्यंत चालत सोडलं, पैसे काही घेतले नाहीत. करदंट घेतलं.

उरुमचीहून यीनिंग, यीनिंगहून खोर्गोस, तिथून बसनं कझाकस्तान. अख्ख्या चीनला एकच घड्याळ, ते बीजिंगचं, त्यामुळं त्या पश्चिमेच्या टोकाला उन्हाळ्यात रात्री नऊ वाजता चांगलं ऊन असतं. आणि सीमा ओलांडली की घड्याळ तीन तास मागं, दुपारचे तीन वाजले होते ते बारा झाले. आम्ही जेवलो होतो, परत जेवायची वेळ. यांनी परत जेवून घेतलं. खोर्गोसला क्रेनने कंटेनर या गाडीतनं त्या गाडीत ठेवतात कारण चीनचा रूळ वेगळा आणि सोव्हिएत काळापासूनचा कझाकस्तानचा रूळ रुंद, हे मला यांनी बसमध्ये इतकं समजावून सांगितलं की पुढच्या सीटवरचा माणूस पण ऐकायला लागला, त्याला मराठी येत नसताना.

अल्माटीच्या स्टेशनात शेवटी पोलिसानं धरलंच. हे रुळाजवळ वाकलेले, टेप ताणलेली, आणि मागं टोपीवाला. माझ्या पोटात गोळा. फोनवर लिहून दाखवलं, "यांचे वडील रेल्वेत होते, त्यांना माप पाहिजे." तो वाचून दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला त्याचे पण. आणि टेपचं दुसरं टोक त्यानं धरलं! १५२२ आलं. १५२० पाहिजे होतं. झालं, गाडीत रात्रभर तोच विषय, पूर्वी तिकडं पाच फूट म्हणजे १५२४ होता, नंतर १५२० केला, मग हे मधलं कसं आलं. अहो झिजला असेल रूळ, झोपा.

शिमकेंटला जाणारी ती गाडी म्हणजे आपला स्लीपरचा डबाच, साइड बर्थसकट, फक्त टोकाला गरम पाण्याचा मोठा बंब आणि प्रत्येक डब्याला एक कडक बाई राखणीला. समोर एक उझबेक आजी. तिनं रुमालातनं नान काढला, मध्ये नक्षीचा शिक्का मारलेला, भाजलेला, वर तीळ. तोडून अर्धा मला दिला. मी डबा उघडला तर कडक भाकऱ्यांचा नुसता चुरा, दोनच अख्ख्या राहिलेल्या, त्यातली एक तिला दिली. तिनं बोटानं टकटक वाजवून बघितली, चहात बुडवली, जराशी खाल्ली आणि मान हलवली. मी माझा नान टेबलावर ठेवला तो पालथा पडला. तिनं काही न बोलता उचलून उताणा ठेवला. थोड्या वेळानं धक्क्यानं परत पालथा झाला, तिनं परत सरळ केला. तिकडं पालथा ठेवायचा नाही, अन्नाचा अपमान. मी तिसऱ्यांदा चूक केली नाही.

शिमकेंटहून ताश्कंदची सीमा पायी, लांबच लांब जाळीच्या बोळातनं, बोचकी घेतलेल्या बायकांबरोबर. हे सगळ्यात कागलसारखं वाटलं. उझबेकिस्तानात कानाला बरं वाटतं, बाजारला बोझोर, दुकानला दुकोन, बागेला बोग, समोशाला सोम्सा. एवढं सगळं आपलं म्हणून मी समरकंदच्या बाजारात ऐटीत सब्जी मागितली आणि त्या माणसानं गाजरं दिली. किलोभर. तिकडं सब्जी म्हणजे गाजर. तीन दिवस खाल्ली. रेगिस्तान चौक बघितला, निळ्या फरशांवर संध्याकाळचं ऊन, त्याचं वर्णन मला जमणार नाही, फोटो बघा. ताश्कंद ते समरकंद अफ्रासियाब नावाची वेगाची गाडी आहे, ३४४ किलोमीटर सव्वादोन तासांत, रूळ तोच १५२० वाला. इथं मोजला तर बरोबर १५२० आला आणि यांना त्या रात्री झोप लागली.

परतीच्या विमानतळावर टेप हँडबॅगेत राहिली. स्कॅनरवर निघाली, स्टीलची पट्टी चालणार नाही म्हणाले. बॅगा आधीच गेलेल्या. हे बोलले काही नाहीत, रिकामा हात खिशात घालून उभे राहिले. दिल्लीपर्यंत बोलले नाहीत. निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस धरली, मिरज गेल्यावर म्हणाले, वडिलांना तू सांग.

घरी आलो तर मामंजी कट्ट्यावरच. वही दिली, त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा बोट ठेवून वाचला, ६००, १०००, १४३५, १५२२, तिथं थांबले, म्हणाले झिजला असणार. मग हात पुढं केला, "टेप?"

मी सांगितलं, असं असं झालं, विमानतळावर काढून घेतली. माझ्याकडं बघितलं नाही, यांच्याकडं बघितलं.

"विमानानं कशाला आलासा मग?"