रविवारचे खिळे

पुण्यात झाडाच्या बुंध्यावरून महिना ओळखता येतो. एप्रिल-मेमध्ये ‘देवगड हापूस, थेट बागेतून’ आणि उन्हाळी शिबिरं. जूनमध्ये क्लास, ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’ आणि अभ्यासिका. सदाशिव पेठेत एकेका बुंध्यावर तीन-तीन अभ्यासिका शांततेची हमी देत असतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत रोषणाईच्या माळा, त्यानंतर मंगल कार्यालयाकडे वळवणारे बाण. बारमाही पीक म्हणजे घरपोच डबा, पॅकर्स-मूव्हर्स आणि पेस्ट कंट्रोल. वाळवीचा बंदोबस्त करणाऱ्याने आपली जाहिरात लावताना वाळवीलाच झाडात शिरायला भोक पाडून द्यावं, ही गंमत त्या पाटीवाल्याच्या कधी लक्षात येत असेल असं वाटत नाही.

पाट्या जातात, खिळे राहतात. पर्यावरणाची चळवळ म्हटलं की लोकांना वेताळ टेकडीसाठी निघालेला मोर्चा आठवतो, नदीकाठच्या झाडांसाठी धरलेले फलक आठवतात. ते दिवस वर्षातून मोजके. बाकीच्या रविवारी सकाळी सात वाजता हातमोजे, खिळे उपटायचा जंबूर आणि एक रिकामा डबा घेऊन पाच-सात माणसं कुठल्यातरी रस्त्याच्या टोकाला भेटतात, नऊपर्यंत दोन्ही बाजूंच्या झाडांतले खिळे काढतात आणि चहा पिऊन घरी जातात. चळवळीचा मोठा भाग हा असाच, फोटोत फारसा न दिसणारा असतो.

सामान थोडंच लागतं. मागे फाटा असलेली हातोडी, सुताराचा जंबूर (अर्धगोल तोंडाची पकड, साधी पकड खिळ्याच्या डोक्यावरून निसटते), एक जुना स्क्रू ड्रायव्हर, तारा कापायचं कटर आणि हाताएवढा लाकडी ठोकळा. ठोकळा बहुतेक जण पहिल्यांदा विसरतात, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच. हातोडीचा फाटा खिळ्यात अडकवून दांडा खाली दाबला की हातोडीचं डोकं सालीवर टेकतं आणि सगळा जोर तिथे येतो. खिळ्याचं भोक दोन-तीन मिलिमीटरचं असतं, पण चेचलेल्या सालीचा डाग रुपयाएवढा होतो. मधे ठोकळा धरला की जोर पसरतो आणि खिळा तिरका न येता बऱ्यापैकी सरळ वर येतो. जुन्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून न्यावं. खाली पडलेले खिळे पाचोळ्यात दिसत नाहीत, आणि झाडातून काढलेला खिळा कोणाच्या टायरमध्ये गेला तर त्या रस्त्यावर पुढच्या रविवारी स्वागत वेगळं होतं.

आधी फोटो: एक जवळून, एक लांबून, शेजारच्या दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर दिसेल असा. मग बोर्ड. सनपॅकचे (पोकळ प्लॅस्टिकच्या पत्र्याचे) हलके बोर्ड हाताने ओढले की खिळ्याचं डोकं बोर्डातून आरपार निघतं, बोर्ड हातात येतो आणि खिळा झाडातच राहतो. फ्लेक्स लावणारे त्याहून हुशार. फ्लेक्स फाटू नये म्हणून ते खिळ्याखाली थंड पेयाच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण घालतात. झाकण गंजून सालीत रुततं, त्याच्या दातेरी कडेभोवती साल फुगते. तिथे घाई चालत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणाच्या कडेखाली घालून चारी बाजूंनी थोडंथोडं उचलायचं, झाकण सैल झालं की मग खिळा. ठोकताना वाकलेला खिळा आधी उभा करून घ्यावा लागतो. आणि खिळा गंजाने पकडला असेल तर ओढण्याआधी जंबुराने जागच्या जागी किंचित फिरवायचा; पकड सुटल्याची बारीक करकर ऐकू येते, मग ओढायचं. वर-खाली हलवायचं नाही, त्याने भोक लांबट होतं. जोर लावल्यावर डोकं तुटलं तर विषय संपला. उरलेला दांडा टोकरून काढायच्या भानगडीत पडू नये.

नव्या माणसाला शिकवायला सगळ्यात अवघड असतं ते हेच, की कुठला खिळा सोडून द्यायचा. उत्साह असा असतो की दिसला खिळा, उपट. पण झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून. बुंधा फक्त जाड होतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा आजही छातीच्याच उंचीवर असतो, फक्त झाड त्याच्यावरून वाढत येतं. सालीच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करत राहतो. खिळ्याभोवती हा थर आधी ओठासारखी कड काढतो आणि काही वर्षांत डोकं गिळून टाकतो. निम्मं डोकं गिळलेलं दिसलं की तो खिळा आता झाडाचा. त्याच्यामागे लागून पटाशी चालवली तर खिळ्याने केली नसती एवढी मोठी जखम आपण करतो.

झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हेही इथेच कळतं. अमेरिकेतले वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड इजा झालेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं, कूज तिथेच कोंडून ठेवतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून काढलेल्या खिळ्याच्या भोकात हळद, मेण, डांबर, सिमेंट यातलं काहीही भरायचं नाही. हळदीबद्दल दर वेळी कोणीतरी हळहळतं. भावना समजते, पण बुजवलेल्या भोकात ओल अडकते आणि बुरशीची सोय होते. उघडं राहिलेलं भोक झाड आपलं आपण बघतं.

लोखंड झाडाला विष होतं, हा समजही अर्धवट आहे. साध्या खिळ्याने झाड मरत नाही. खिळ्याभोवती लाकूड निळसर-काळं पडतं ते लोखंड आणि झाडातलं टॅनिन यांच्या संयोगाने. बाभळीसारख्या टॅनिनवाल्या झाडात ते ठळक दिसतं. खरा त्रास भोकांच्या संख्येचा. एका बुंध्यावर पन्नास भोकं म्हणजे पानात तयार झालेलं अन्न मुळांकडे नेणाऱ्या वाटेत पन्नास अडथळे, आणि पाणी, बुरशी, किडा यांना पन्नास दारं. शिवाय पुढे कधी फांदी पडली, झाड कापायची वेळ आली, तर गिळलेल्या खिळ्यावर करवतीची साखळी तुटते आणि ती धरणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

झाडागणिक हिशेब बदलतो. पर्जन्यवृक्षाची साल जाड आणि भेगाळ, त्यात एक इंची खिळा कित्येकदा लाकडापर्यंत पोचतही नाही. गुलमोहराचं लाकूड मऊ. खिळा सहज येतो, पण बुरशीही तितक्याच सहज शिरते. वड-पिंपळातून चीक ओघळतो आणि जंबूर चिकट होतो. खोबरेल तेलाने पुसला की निघतो. वडाच्या पारंब्यांना बांधलेल्या तारा मात्र हमखास बघाव्यात.

कारण खिळ्यापेक्षा तार वाईट. रोषणाईची माळ, केबलची वायर, बॅनरची सुतळी बुंध्याभोवती गुंडाळून राहिली की बुंधा जाड होताना ती आत रुतते आणि पूर्ण वेढ्याने अन्नाची वाट आवळते. खिळा एका ठिकाणी दुखावतो, तार चारी बाजूंनी गळा धरते. वेढा एका जागी कापून दोन्ही टोकं मोकळी करायची. रुतलेला तुकडा ओढायचा नाही. प्रवाह चालू असायची जराही शंका असली तर हात लावायचा नाही, फोटो काढून वीज कंपनीला कळवायचं. बुंध्याशी भिडवलेले पेव्हर ब्लॉक हे आणखी एक प्रकरण. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. पुण्यातल्या तक्रारीच्या पत्रांतूनही त्याचा दाखला दिला जातो.

बोर्ड लावणाऱ्याशी भांडून उपयोग नसतो. तो रात्री दुचाकीवर बोर्डांचा गठ्ठा घेऊन फिरतो, त्याला कामाचे पैसे मिळतात. बोर्डावर ज्याचा नंबर असतो त्याला फोन लावावा. निम्मे जण ‘आमच्या माणसाने लावलं असेल’ म्हणतात, काही जण खरंच काढून नेतात. न ऐकणाऱ्यांसाठी महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम, 1995 आहे. अनधिकृत जाहिरातीची तक्रार महापालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे, झाडाच्या इजेची उद्यान विभागाकडे. एकच पत्र दोन्हीकडे, आवक विभागातून दोन्ही प्रतींवर शिक्का. पोच नसलेली तक्रार ही फक्त गप्पा असते, आणि पोचेची फाइल जपून ठेवणारा माणूस गटात घोषणा देणाऱ्यापेक्षा महत्त्वाचा असतो. असा एक तरी माणूस, बहुधा निवृत्त बँकवाला, पुण्यातल्या प्रत्येक गटाला लाभलेला असतो.

डबा वजनकाट्यावर ठेवला की भंगारवाला गंजलेल्या खिळ्यांना किरकोळ लोखंडाचा भाव देतो. त्यातून जंबूर येत नाही, चहाही जेमतेम येतो.

या सगळ्यात एक पाटी अशी असते की खिळ्याने ठोकलेली असली तरी तिला हात लावायचा नाही. ती म्हणजे झाड तोडण्याच्या प्रस्तावाची नोटीस. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावर दर्शनी भागी नोटीसही लावावी लागते; हरकतीला सात दिवस मिळतात. ती चिकटवायची असते, पण घाईत कधी कधी ठोकलेली सापडते. तिथे जंबूर खिशात घालून टेप काढायचा. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर घेर मोजायचा, झाडाची जात लिहायची, घरटी-ढोल्या बघायच्या, नोटिशीवरची तारीख वाचता येईल असा फोटो घ्यायचा. घेराला महत्त्व आहे, कारण 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं आणि घेरावरून वयाचा अंदाज काढतात. नोटिशीत झाडाचं वय कमी लिहिलंय असं वाटलं तर हरकतीतला पहिला मुद्दा तोच. प्रत्येकाने हरकत आपल्या शब्दांत लिहावी. एकाच मजकुराच्या पन्नास प्रती गेल्या की त्या एकच हरकत म्हणून निकाली निघण्याची भीती असते. सोमवारी सकाळी आवक खिडकी उघडली की दोन प्रती, एकीवर शिक्का. तो खिळा सुनावणी होईपर्यंत तिथेच राहू द्यायचा.