तुम्ही विचारलंत म्हणून: रायफलला दुर्बीण कुठली लावू?

दुकान चष्म्याचं, पण प्रश्न येतो बंदुकीचा. मी कोल्हापुरातल्या दुधाळीच्या शूटिंग रेंजवर हौसेनं एअर रायफल चालवतो हे गावभर झालंय, त्यामुळे नंबर काढायला आलेला माणूसही जाता जाता विचारतो, "पोराला शूटिंगला घातलंय, रायफलला दुर्बीण कुठली लावू?" १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, तेव्हापासून हे जरा जास्तच झालंय.

उत्तर निराश करणारं आहे: दुर्बीण घेऊच नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. स्वप्नीलच्या रायफलवर नव्हती, २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (पालथं पडून नेम धरायच्या प्रकाराची) विश्वविजेती झालेल्या तेजस्विनी सावंतच्या रायफलवरही नव्हती. "मग ते डोळ्याला लावत्यात ते काय असतंय?" ते डायऑप्टर, रेंजवरच्या भाषेत पीप साईट. त्यात भिंग नसतं, एक बारीक छिद्र असतं. नळीच्या टोकाला एक छोटा बोगदा, त्यात रिंग. छिद्रातून रिंग बघायची, रिंगमध्ये टार्गेटचा काळा गोल बसवायचा. एवढ्याशा छिद्राला इतके पैसे कशाला, असं वाटतं खरं. पैसे छिद्राचे नसतात, त्याला डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकवणाऱ्या स्क्रूचे असतात. चार क्लिक पुढे आणि चार क्लिक मागे फिरवल्यावर साईट मूळ जागी आली पाहिजे. स्वस्तातली बऱ्याचदा येत नाही, आणि पोराला वाटतं आपलाच हात हलला.

शाळेच्या स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे गट असतात, म्हणून आधी पोरगं कुठल्या गटात उतरणार ते प्रशिक्षकांना विचारा. ओपन साईटमध्ये मागे खाच, पुढे खांब आणि त्यापलीकडे टार्गेट, अशा तीन अंतरांवरच्या तीन वस्तू. डोळा एका वेळी एकाच अंतरावर नीट बसतो. बारा वर्षांच्या पोराचा डोळा ही कसरत सहज करतो, त्याच्या चाळिशीतल्या बापाचा करत नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं ते ओपन साईटवरच, पिस्तुलाला दुसरं काही चालतच नाही. तेव्हा ओपन साईट म्हणजे गरिबाची साईट असं काही नाही. पोराला सुरुवातीला तिच्यावर घालायला माझी हरकत नाही. खांबावर नजर ठेवायची सवय तिथेच लागते.

पीप साईटचं छिद्र डोळ्याचं काम हलकं करतं. ते साधारण १ ते १.३ मिलीमीटरचं असतं. छिद्र जेवढं लहान तेवढी प्रकाशकिरणांची जुडी बारीक, म्हणून जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. पण छिद्र फार लहान केलं की प्रकाश कमी पडतो आणि कडाही विरघळल्यासारख्या दिसतात. म्हणून छिद्र कमी-जास्त करता येणारी आयरिस मिळत असेल तर तिच्यावर खर्च करा. पावसाळ्यातल्या दुपारी आणि मे महिन्यातल्या सकाळी तुम्हाला एकच छिद्र पुरणार नाही.

पुढच्या रिंगचं मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तिथे पैसे लागत नाहीत आणि तरी लोक तिकडे बघत नाहीत. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलीमीटरचा, अंतर १० मीटर. ५० मीटरला काळा भाग ११२.४ मिलीमीटरचा. भागाकार करून बघा, ५० मीटरचा गोल डोळ्याला एअर रायफलच्या गोलाच्या पाऊण पटच दिसतो. म्हणून एका प्रकारातली रिंग दुसऱ्यात तशीच चालत नाही. रिंग डोळ्यापासून ९० सेंटीमीटरवर आणि ४ मिलीमीटरची धरली, तर एअर रायफलचा काळा गोल तिच्या व्यासाचा साधारण दोन तृतीयांश भरतो. भोवती पांढरी कड चांगली रुंद राहते. नवख्या पोरांना घट्ट रिंग आवडते, नेम अचूक लागेल असं वाटतं. होतं उलटं. कड बारीक असली की रायफलच्या प्रत्येक डुलण्याला ती एका बाजूनं नाहीशी होते, पोरगं घाबरतं, श्वास कोंडून वाट बघतं आणि डोळा थकल्यावर ट्रिगर ओढतं. मी विचारणाऱ्याला नेहमी सांगतो, एक माप मोठी रिंग घालून बघ. एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा आहे, तो तसाही कुणाला दिसत नसतो. पांढरी कड सगळीकडे सारखी आहे का, एवढंच डोळ्याला ओळखायचं असतं.

आता माझ्या धंद्याचं. रायफलवर भिंग बसवायला बंदी आहे, रंगीत फिल्टर चालतो. डोळ्यावर चष्मा मात्र चालतो, आणि साईटची अर्धी लढाई तिथेच आहे. नेहमीच्या चष्म्यातून नेम धरताना गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर, टेकतो, मान झुकते आणि नजर काचेच्या मधून न जाता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून जाते. नंबर लहान असेल तर खपून जातं. नंबर मोठा असला, त्यात सिलेंडर (उभ्या-आडव्या दिशेला वेगवेगळा लागणारा नंबर) असला, की काचेतून असं तिरकं बघताना नंबर बिघडल्यासारखा होतो आणि गोल रिंग अंड्यासारखी दिसायला लागते. शूटिंगची फ्रेम वेगळी मिळते ती यासाठी. तिच्यात एकच गोल काच असते आणि ती सरकवून, फिरवून नजरेच्या बरोबर समोर, काटकोनात आणता येते.

चाळिशी ओलांडलेल्यांना मी लांबच्या नंबरात साधारण +०.५० मिळवून ट्रायल फ्रेममध्ये (काचा बदलून बघायच्या चौकटीत) दाखवतो. पुढची रिंग मीटरभरावर असते, टार्गेट त्याच्या खूप पलीकडे. +०.५० नं नजर या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते, रिंग कडक दिसते आणि गोल किंचित मऊ. तसाच दिसायला हवा. पोरांना हे लागत नाही, त्यांचा डोळा स्वतःच जुळवून घेतो. त्यांना फक्त मायनस नंबर जास्तीचा दिलेला नाही ना, ते तपासून घ्या.

काही पोरं उजव्या हाताची असतात पण त्यांचा नेम धरणारा डोळा डावा असतो. पुठ्ठ्याला भोक पाडून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची वस्तू बघायला सांगितली की दोन मिनिटांत कळतं. अशांनी रायफल घ्यायच्या आधीच प्रशिक्षकांशी बोलावं, कारण रायफलही डाव्या-उजव्या हाताची असते. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी काळी घेऊ नका, पांढरट आणि उजेड आत सोडणारी घ्या. एका डोळ्यापुढे अंधार केला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात.

एवढं ऐकूनही काही जण म्हणतात, "स्पर्धा नको, मळ्यात डबे पाडायचेत, दुर्बीणच सांगा." बरं. एअर रायफल स्प्रिंगची असेल तर आधी विचारा, दुर्बीण स्प्रिंगच्या रायफलसाठी बनवलीय का. स्प्रिंगची रायफल आधी मागे धक्का देते आणि पिस्टन पुढे आदळला की पुढे. दुसरा धक्का साध्या दुर्बिणीच्या आतली काच हलवतो. दुसरं, पॅरॅलॅक्स. शिकारीच्या पद्धतीच्या बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांना बसवलेल्या असतात. १० मीटरवर त्यातून चित्र धूसर दिसतं, आणि डोळा जरा सरकला की दुर्बिणीतला नेमाचा क्रॉसही डब्यावरून सरकतो. पुढच्या काचेवर किंवा बाजूला अंतराची चकती असलेली, १० यार्डांपर्यंत खाली येणारी घ्या. तिसरं, मोठ्या आकड्याला भुलू नका. ४० मिलीमीटरची काच ४ पटीवर १० मिलीमीटरचा प्रकाशझोत देते, १६ पटीवर अडीच मिलीमीटरचा. संध्याकाळी तुमची बाहुली त्याहून मोठी असते, मग चित्र अंधारं दिसतं. वर १६ पटीत स्वतःच्या नाडीचे ठोकेही दिसतात, ते बघून कुणाचा नेम सुधारल्याचं मला माहीत नाही.

रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साईट, घेतलेला एखादा येतो आणि सांगतो, ठिपका फुटलाय, धूमकेतूसारखा दिसतोय. मोबाईलनं त्यातून फोटो काढायला लावतो. फोटोत ठिपका गोल आला तर माल ठीक आहे, सिलेंडर डोळ्यात आहे. मग खुर्चीत बसवतो.

रानडुकरासाठी, माकडांसाठी, शेतात उतरणाऱ्या गव्यासाठी कुठली साईट, हे मात्र मला विचारू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करायचा असतो. पिकाचं नुकसान खरं असतं हे मला मान्य आहे, तरी त्याचं उत्तर माझ्या काउंटरवर नाही.

बाकी कुणी येणार असाल तर जुना चष्मा, नंबराचा कागद आणि नेम धरलेला असताना समोरून व बाजूनं काढलेला फोटो आणा. गाल कुठे टेकतो आणि नजर काचेच्या कुठल्या भागातून जाते ते त्यात दिसतं. रायफल आणू नका. बाहेर गर्दी जमते आणि ज्यांना खरंच चष्मा हवाय ते परत जातात.