आत्तीची ओवी आणि माझी पेटी

गेली सव्वीस वर्षं मी भजनाला पेटी वाजवतोय. बेळगावातल्या शहापुरात आमचं मंडळ. एकादशीला बैठक, आणि सप्ताहाच्या दिवसांत खानापूरकडच्या खेड्यांतनंही बोलावणं येतं. दिवसा गणपत गल्लीत कापडाच्या दुकानात मीटरपट्टी धरायची आणि रात्री दुसऱ्यांच्या गळ्याखाली स्वर धरायचा. नामांकित पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेटीवाल्याला जरा मान असतो. तो अंगात भिनतोच. साथ नसेल तर गाणं उघडं पडतं, हे मी आजवर कितीजणांना सुनावलं असेल, गणती नाही.

आमची पुतणी नर्स आहे, दोन वर्षांमागं आयर्लंडला गेली. गॉलवे शहरात वृद्धांच्या एका निवासात असते. पावसाळ्यात एका रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला. "काका, इथं एक म्हातारी हाय. झोपायच्या आधी माझा हात धरती, डोळे मिटती आणि गाणं म्हणती. औषधाची ट्रॉली बाहेर तशीच उभी ऱ्हाती, पण हात सोडवून घ्यायला जीव होत न्हाई. सेम आपली येळ्ळूरची आत्तीआज्जी बघा." म्हातारीचं रेकॉर्डिंग करणं बरं दिसणार नाही, म्हणून तिनं एका जुन्या गायिकेचं नाव पाठवलं: सोरखा नी घूरिम.

त्या गाण्याच्या तऱ्हेला शॅन-नोस म्हणतात, म्हणजे जुनी रीत. गॉलवेच्या पश्चिमेला समुद्राकाठी कॉनेमारा म्हणून खडकाळ मुलूख आहे, तिथं आणि अजून काही ठिकाणी आयरिश भाषा घरात टिकलीय, आणि तिच्याबरोबर ही गाणी. वाद्य नाही, ताल धरणारं कुणी नाही. एकटा गळा. ओळ कुठं लांबवायची, कुठं मोडायची, हे शब्द ठरवतात. बाई गाताना नाट्य करत नाही, बहुतेकदा डोळे मिटते नाहीतर तोंड वळवते. रंगात आलं की ऐकणारा शेजारी तिचा हात हातात घेऊन सावकाश गोल गोल फिरवत राहतो. व्हिडिओत पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, पिलेत काय हे! शेवटची ओळ तर पुष्कळदा गातच नाहीत, नुसती बोलून टाकतात, आणि गाणं संपतं. तिहाई नाही, काही नाही.

सोरखा कॉनेमारातल्या कार्ना भागातली, जन्म १९११. डब्लिनला जाऊन आयरिश भाषेत पत्रकारिता केली, ती भाषा शिकवली. १९५७ साली अमेरिकेतल्या फोकवेज कंपनीनं तिच्या गाण्यांची तबकडी काढली. उत्तरायुष्य तिनं लंडनला काढलं आणि १९७६ साली तिथंच ती वारली.

पहिल्या रात्री मी काय केलं असेल? पेटी काढली. एक कान मोबाईलला, बोटं पट्ट्यांवर, तिचा षड्ज शोधत बसलो. काळी चारच्या जरा खाली सापडला. मोबाईलची गती कमी-जास्त करून तो पेटीला जुळवला. पुढं गंधार काही केल्या मिळेना. कोमल लावला तर ती वर, शुद्ध लावला तर ती खाली. म्हटलं, बाई बेसूर आहे. दुसऱ्या कडव्याला मुद्दाम लक्ष ठेवलं. तिथंच आली. तिसऱ्यालाही तिथंच, दोन पट्ट्यांच्या मधल्या त्याच भेगेत, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. बेसूर माणूस दर खेपेला वेगळीकडं घसरतो हो. हिची जागा पक्की होती. माझ्या पेटीत ती नव्हती.

पेटीत असे मधले स्वर निघत नाहीत, हेही एक कारण देऊन आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती, आणि त्या विषयावर मी आजवर तावातावानं भांडत आलोय. त्या रात्री मात्र भाता बंद केला, दिवा मालवला आणि नुसतं ऐकलं.

मग नादच लागला. आयर्लंडातल्याच कॉर्ककडची एलिझाबेथ क्रोनिन, जन्म १८७९ चा. लोकगीतं गोळा करणारे अॅलन लोमॅक्स आणि जीन रिची अमेरिकेहून १९५१-५२ मध्ये यंत्रं घेऊन तिच्याकडं गेले, तेव्हा बाई सत्तरी ओलांडलेली. तरी आवाज असा, की कुणी परकरी पोर पाणी भरायला चाललीय. आणि आर्मा परगण्यातली सारा मेकम. ती इंग्रजीत गाते, त्यामुळं काटेकोर माणसं तिला शॅन-नोसमध्ये धरणार नाहीत. मला ती धरावीशी वाटते. तिचं कीडी गाव उत्तर आयर्लंडात, आयर्लंडच्या सरहद्दीला खेटून आहे आणि ती तागाच्या कापडाच्या गिरणीत मागावर होती. माझं बालपण वडगावात गेलं, मागांच्या खडखडाटात. त्या आवाजावर मात करून कांड्या भरणाऱ्या बायका कशा बोलायच्या ते मला माहीत आहे. पाचशेच्या वर गाणी साराला पाठ होती म्हणे, बरीचशी आईकडनं आलेली.

आयरिशमध्ये 'गाणं गा' नाही, 'गाणं सांग' असंच म्हणतात, हे कळल्यावर मला हसू आलं. आपण तरी काय म्हणतो? गाणं म्हण, ओवी म्हण. शेजारच्या कन्नड काकूही 'हाडु हेळु'च म्हणतात, म्हणजे सांगच. 'गायन' हा शब्द आमच्यासारख्या पेटीवाल्यांनी घरात आणला.

आता आत्तीचं सांगतो. अकरा वर्षं झाली असतील. येळ्ळुरात गौरीच्या जागरणाला बायकांनी तिला ओव्या म्हणायला बसवलं. मी उत्साहानं पेटी पुढं ओढली. "आत्ती, पट्टी कुठली?" ती म्हणाली, "पट्टी कसली गा?" मीच काळी चार दिली. ती सुरू झाली, पण पेटीच्या बाहेर. मी तिला स्वरात ओढायला लागलो. ती बिचकायची, थांबायची, परत धरायची. दोन ओव्यांनंतर म्हणाली, "एक तर तुझं ते बंद कर, न्हाईतर माझं ऱ्हाऊ दे." बायका हसल्या, कुणीतरी फुगडी सुरू केली. मग मी घरादारात सांगत सुटलो की आत्तीचा स्वर हलतो. त्यानंतर माझ्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या रविवारी येळ्ळूरला गेलो. राजहंसगड धुक्यात बुडालेला, बांधांवर चिखल. आत्ती आता एक्याऐंशीची. दारातच विचारलं, "पेटी आणली न्हाईस न्हवं?" मी दोन्ही हात दाखवले. ओवी म्हण म्हटलं तर म्हणे, येत न्हाई. नाटक करत नव्हती; हात रिकामा असला तर शब्द येत नाहीत, असं म्हणाली. जातं गोठ्यामागं पडलं होतं, वर शेवग्याची पानं. खुंटा वाळवीनं खाल्लेला. कुदळीचा मोडका दांडा तासून ठोकून बसवला, वरची तळी धुतली, ती वाळेपर्यंत चहा झाला. मग मूठभर तांदळाची वैरण घालून आम्ही समोरासमोर बसलो. खुंट्यावर माझा हात, त्यावर तिचा. पाच-सहा फेरे नुसतीच घरघर झाली आणि मग आतनं कुठनं तरी ओवी आली. भावावरची, डोंगरापलीकडं दिलेल्या बहिणीची. तिचा गंधार मी लगेच ओळखला.

आठ-नऊ ओव्या झाल्यावर ती दमली. मी मोबाईलवर तिला सोरखा ऐकवली. मान कलती करून, हात खुंट्यावरच ठेवून तिनं अख्खं गाणं ऐकलं. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"भाषा न्हाई कळली," ती म्हणाली. "कशाचं दळण काढलंय गा हिनं? लई बारीक दळायलीया."