संमेलन, सर आणि एक अवघड सूर

आमच्या संगीतशाळेच्या वार्षिक संमेलनात स्वागत, अहवाल, पाहुण्यांचा परिचय हे सगळं दरवर्षीसारखंच पार पडतं. मी तेवढा वेळ विंगेत असते, कारण सर तिथे असतात. ते एकेका मुलाच्या क्लॅरिनेटची, म्हणजे त्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, रीड उजेडासमोर धरून बघतात. कडेला बारीकशी चीर दिसली की ती बाजूला ठेवून खिशातल्या डबीतली दुसरी देतात. बोरूच्या जातीची ती पातळ पट्टी तोंडात ओली करत मुलं गप्प उभी असतात.

सरांनी २२ वर्षं वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवलं. थकले म्हणून शिकवायला आले, असं काही जण म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. थकलेला माणूस एका मुलाच्या एका सुरासाठी तासभर बसत नाही.

त्यांचं भाषण पाच मिनिटांचं आणि गोष्ट नेहमी तीच. जर्मन संगीतकार ब्राम्सने आता संगीत लिहिणं पुरे असं ठरवलं होतं. १८९१ मध्ये जर्मनीतल्या मायनिंगनला त्याने रिखार्ट म्युलफेल्टचं क्लॅरिनेट ऐकलं आणि त्याच उन्हाळ्यात त्या वाद्यासाठी एक त्रिवादन आणि एक पंचवादन लिहून काढलं. म्युलफेल्ट तिथल्या वाद्यवृंदात आला होता तो व्हायोलिन वाजवायला, हे सांगताना सर मागच्या बाकावरच्या मुलांकडे बघतात. दरवर्षी माझे डोळे तिथेच भरून येतात.

मग पहिल्या वर्षाची मुलं. बासरीत फुंक बदलली की तोच सूर वरच्या सप्तकात निघतो. क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याची चावी दाबली की त्यापासून बारावा सूर निघतो, म्हणून खालच्या आणि वरच्या सुरांमध्ये एक अवघड सांधा राहतो. 'ए' या सुराला जवळजवळ सगळी बोटं मोकळी, लगेच त्यावरच्या 'बी'ला सगळी भोकं एकदम झाकायची. एक बोट जरा सरकलं तरी वाद्य किंचाळतं. गेल्या वर्षी नऊ वर्षांची एक मुलगी तिथे दोनदा अडली. तिची अनामिका जेमतेम भोकापर्यंत पोचायची. सर काही बोलले नाहीत. विंगेतून त्यांनी आपली बोटं हवेतच अलगद खाली टेकवली. तिसऱ्यांदा तिचा 'बी' स्वच्छ लागला.

तो सूर ऐकायला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याचं मला अजून वाईट वाटतं. सरांकडे शिकून वाद्यवृंदात लागलेल्यांपैकी एकच जण आला, तोही मध्यंतरानंतर. तालमी असतात, दौरे असतात, मान्य. पण वर्षातली एक संध्याकाळ!

शेवटी सर मोझार्टच्या १७९१ च्या कन्चेर्टोचा, म्हणजे क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, संथ भाग पियानोच्या साथीने वाजवतात. पहिली धून परत येते तेव्हा ती इतकी हळू घेतात, की श्वास कुठे संपला आणि सूर कुठे सुरू झाला ते कळत नाही.

साथीला बसणाऱ्या बाई, आदल्या दिवशी पियानो सुरात लावून देणारे काका, खुर्च्या मांडणारे दोघे भाऊ, दारात थांबून उशिरा येणाऱ्यांना आवाज न करता बसवणारी ताई, स्वरलिपीची पानं उलटणारा मुलगा, सगळ्यांचे आभार. आणि मागच्या वेळी माझ्याकडून नाव घ्यायचं राहून गेलेले दिवे सांभाळणारे दादा: सरांची शेवटची सुरावट संपेपर्यंत तुम्ही प्रकाश हळूहळू उतरवत आणलात, तो मी पाहिला होता.